नंबर जुळले म्हणजे सगळं मूळ? जुन्या रिव्हॉल्व्हरचे भाग कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा: स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९१७, .४५ कॅलिबर, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. मुठीच्या बुडाशी, सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि नळीखाली एकच नंबर. रंग गडद निळा, आरशासारखा चकचकीत. मुठीवर चौकडी कोरलेलं लाकूड. विकणारा म्हणतो, ‘नंबर मॅचिंग आहेत, म्हणजे शंभर टक्के ओरिजिनल.’ हे मानायचं का? आणि एकूणच, कारखान्यात झालेला फरक कुठला आणि नंतर कुणीतरी बदललेला भाग कुठला, हे कसं ओळखायचं?

मानू नका. निदान तेवढ्यावर मानू नका. जुळणारे नंबर सांगतात की फ्रेम, सिलिंडर आणि नळी कारखान्यातून एकत्र निघाली. पॉलिश कधी झालं, मूठ कुठून आली, घोडा, चाप, स्क्रू आणि आतल्या स्प्रिंगा कुणाच्या, याबद्दल ते नंबर काहीच सांगत नाहीत. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी तर सरळ खटकतात. सैन्यासाठी बनलेल्या १९१७ ला कंपनीच्या नागरी मालासारखी चकाकी नव्हती. युद्धाची घाई होती, त्यामुळे पॉलिश कमी आणि निळा रंग मंद असायचा; पृष्ठभागावर हत्याराच्या बारीक रेघा दिसतात. मूठ साधी, गुळगुळीत अक्रोडाची. चौकडीची आणि कंपनीच्या बिल्ल्याची मूठ युद्धानंतर नागरी बाजारात विकलेल्या १९१७ वर येते, किंवा त्याच आकाराच्या दुसऱ्या एखाद्या स्मिथवरून काढून इथे बसवलेली असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे हे रिव्हॉल्व्हर सैन्याचं की नागरी, हे ठरवणं. सैन्याच्या नगाच्या बुडाशी ‘यू. एस. आर्मी मॉडेल १९१७’ आणि नंबर असतो, दोरीसाठी कडी असते, नळीखाली ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असतं आणि तपासनिसांचे शिक्के असतात: ज्वाळा निघणारा बाँबगोळा, सुरुवातीच्या नगांवर गिल्बर्ट स्टुअर्ट या अधिकाऱ्याची ‘जीएचएस’ ही आद्याक्षरं, नंतर गरुडाचं डोकं आणि एक आकडा. हे शिक्के आहेत, पण गरुडाची चोच पुसट झाली आहे आणि भोवतीचा रंग मात्र ताजा आहे, असं असेल तर नंबर मूळ आणि पॉलिश नंतरचं. एवढ्याने ते टाकाऊ ठरत नाही. ‘शंभर टक्के’ हे दोन शब्द तेवढे किमतीतून वजा करायचे. एक वेगळी शक्यताही ध्यानात ठेवा. फिनिश निळं नसून राखाडी, खरखरीत फॉस्फेटचं असेल, तर ते नंतर सैन्याच्याच डेपोत दुरुस्त झालेलं असू शकतं. मी अशा नगाला बिघडवलेला नग म्हणत नाही. सैन्याने आपल्या शस्त्राची केलेली डागडुजी हा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. साइडप्लेटवर, म्हणजे फ्रेमच्या बाजूच्या झाकणावर, ब्राझीलचं राजचिन्ह दिसलं तर मात्र गोष्ट बदलते. ब्राझीलने १९३७ मध्ये २५,००० नगांची मागणी दिली होती आणि त्या मालाचे निकष वेगळे लावावे लागतात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, जी कितीही वेळा सांगितली तरी कमीच. हातात घेताक्षणी सिलिंडर उघडा, काडतुसांची सगळी घरं डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. शंभर वर्षं कुणी न उघडलेल्या नगातही काडतूस सापडतं. आणि ते नग बाळगायला तुमच्याकडचा कायदा काय सांगतो, हे खरेदीच्या आधी पाहा. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रं पुराणवस्तूंत मोडतात, इतरत्र वेगळी रेघ आहे. तिथे फ्रेम कधी बनली यावरून ठरतं, त्यामुळे तारीख ओळखणं हा फक्त हौसेचा प्रश्न राहत नाही.

आता मूळ मुद्दा. नवशिका संग्राहक पुस्तकातला तक्ता उघडतो: अमुक नंबरपासून अमुक बदल. मग हातातला नग त्या रेघेच्या दहा-वीस नंबर अलीकडे-पलीकडे पडला की तो भाग ‘चुकीचा’ ठरवून मोकळा होतो. कारखाने असे चालत नव्हते. जुन्या नमुन्याचे भाग पेट्यांत पडून असायचे, ते संपेपर्यंत वापरले जायचे. फ्रेमवर नंबर आधी पडायचा, नग बांधून बाहेर जायचा कधीतरी नंतर. स्मिथ अँड वेसनचे नग नंबरांच्या क्रमाने पाठवले जात नसत. लागून असलेले दोन नंबर काही वर्षांच्या अंतराने निघालेले सापडतात. त्यामुळे बदलाच्या काळात ‘सरमिसळ’ असणं हेच बरोबर असतं. मी तक्ता शेवटी उघडतो. आधी पाहतो ते हे, की या नगाचे भाग एकमेकांशी जुळतात का. झीज, रंग, शिक्के, नंबर, गंज, या सगळ्यांतून एकच हकीकत निघते, की एक भाग वेगळीच हकीकत सांगतो?

कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी घ्या. १८७३ पासून बनणाऱ्या या रिव्हॉल्व्हरच्या सुरुवातीच्या फ्रेमवर सिलिंडरचा मधला पिन पुढून येणाऱ्या एका छोट्या स्क्रूने धरलेला असतो. १८९२ च्या सुमारास आडवा, स्प्रिंगचा खटका आला. पण चार वर्षं दोन्ही पद्धती सोबत चालल्या आणि १८९६ च्या आसपास खटका कायम झाला. या मधल्या काळातलं स्क्रूवालं कोल्ट ‘उशिराचं’ म्हणून संशयित ठरत नाही. रिकामी काडतुसं ढकलायच्या दांड्याचं टोक आधी गोल, मध्ये भोक असलेलं होतं, नंतर अर्धचंद्राकार झालं. मूठ सुरुवातीला एका तुकड्यातली अक्रोडाची, १८८० च्या दशकात गरुडाचं चित्र असलेली कडक रबराची, १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गरुड गेला. ही तिन्ही अंगं एकाच दिवशी बदलली नाहीत. म्हणून त्यातलं एक ‘लवकरचं’ आणि दुसरं ‘उशिराचं’ दिसलं, तर आधी विचारायचं की ही दोन्ही एका वेळी कारखान्यात असू शकत होती का. असू शकत असतील तर झीज पाहायची. १८७४ च्या फ्रेमवर अर्धचंद्र दांडा असेल, तर उत्तर ‘नाही’ आहे आणि झीज पाहायची गरजही नाही.

याच मॉडेलमध्ये नियम उलटा करणारं एक उदाहरण आहे आणि मला ते फार आवडतं. सैन्याकडची साडेसात इंची घोडदळाची कोल्ट १८९५ पासून परत घेऊन दुरुस्त झाली. नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या, सगळी सुटी करून धुतली-पुसली आणि पुन्हा बांधताना कोणत्या फ्रेमला कोणता ट्रिगर गार्ड लागला याची पर्वा कुणी केली नाही. संग्राहक त्यांना ‘आर्टिलरी’ म्हणतात. त्यांच्यात नंबर न जुळणं हेच अपेक्षित आहे. आर्टिलरी नळीचं कोल्ट आणि फ्रेम, गार्ड, बॅकस्ट्रॅप (मुठीमागची धातूची पट्टी), नळी, सिलिंडर सगळीकडे एकच नंबर, असा नग समोर आला की आनंद होण्याऐवजी भिंग काढावं. हे नंबर कधी आणि कुणी मारले? दुरुस्तीच्या वेळचे तपासनीस रिनाल्डो कार यांची ‘आरएसी’ ही आद्याक्षरं तिथे सापडली तर बरं वाटतं. उलट १८७३–७४ च्या नगांवर ओ. डब्ल्यू. एन्सवर्थ यांची ‘ओडब्ल्यूए’ आद्याक्षरं असतात. अमेरिकन सेनाधिकारी कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे गेलेली कोल्ट त्याच काळातली, म्हणून त्या तीन अक्षरांची किंमत प्रचंड आणि नकला भरपूर. एन्सवर्थ शिक्का पाहिला की मी पैशाची गोष्ट थांबवून प्रकाशाचा कोन बदलतो.

नंबरांबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. रिव्हॉल्व्हरवरचा प्रत्येक आकडा सिरीयल नंबर नसतो. कोल्टच्या मॉडेल १९१७ वर बुडाशी दिसणारा मोठा नंबर सैन्याचा हिशेबाचा आहे, कोल्टचा स्वतःचा सिरीयल क्रेन, म्हणजे सिलिंडर बाजूला झुलवणारा हात, उघडल्यावर फ्रेमच्या खाचेत दिसतो, आणि हे दोन आकडे वेगळे असणारच. स्मिथच्या १९१७ वर मात्र बुडाचा नंबर हाच सिरीयल. दोन्ही कंपन्यांनी एकाच नावाचं मॉडेल बनवलं, म्हणून लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावतात आणि चांगल्याभल्या कोल्टला ‘मिसमॅच’ म्हणतात. याशिवाय जोडणीचे नंबर असतात: फ्रेम आणि क्रेन, किंवा सिंगल ॲक्शनमध्ये फ्रेम आणि काडतुसं भरायची झडप, घासून बसवल्यावर हरवू नयेत म्हणून दोघांवर मारलेले छोटे आकडे. त्यांचा सिरीयलशी संबंध नाही, पण एकमेकांशी जुळले पाहिजेत. हा नंबर खोटं सांगणाऱ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही, म्हणूनच तो आपल्या कामाचा.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या स्मिथवर सिरीयल बऱ्याच ठिकाणी असतो: बुडाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या बाजूला दांडा बसतो तिथे, काडतुसं उचलणाऱ्या ताऱ्याच्या मागे, योकवर (क्रेनलाच स्मिथचं नाव) आणि उजव्या मुठीच्या आतल्या अंगाला पेन्सिलने किंवा शिक्क्याने. सगळे पाहा. नळी पाहायची तर सिलिंडर उघडून खाली दिवा धरा. योकवरचा आकडा पाहायला काही वेळा योक काढावा लागतो. आकड्यांचा फाँट, आकार आणि खोली एकमेकांशी ताडून पाहा. कारखान्यात शिक्का पॉलिशच्या आधी बसायचा, त्यामुळे कडेला उठलेला धातू घासून सपाट झालेला असतो आणि शिक्क्याच्या खाचेतला रंग बाजूच्या रंगाशी सलग असतो. नंतर मारलेल्या आकड्याच्या कडा उठलेल्या, खाचेत उघडा धातू किंवा वेगळ्या छटेचा काळपट रंग. रशियन नागाँ १८९५ चे नग डेपोत मोठ्या प्रमाणावर दुरुस्त झाले. तिथे जुना नंबर खोडून नवा मारलेला किंवा विजेच्या लेखणीने लिहिलेला सर्रास दिसतो. तो जुळवलेला नंबर आहे, जुळणारा नाही. फसवणूकही नाही, फक्त वेगळा प्रकार.

नळीकडे वळू. जुन्या स्मिथची नळी फ्रेममधून आरपार जाणाऱ्या आडव्या पिनने धरलेली असते. पिनची टोकं गोलसर, न चेपलेली असावीत. टोक सपाट ठोकलेलं किंवा भोवतीची फ्रेम खरवडलेली असेल तर नळी कधीतरी निघाली आहे. पुढचा साइट, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, सरळ उभा आहे का, हे मागून पाहा. अर्धा अंश कललेला असला तरी डोळ्याला कळतो. कापलेली नळी ओळखायला नळीवरचा मजकूर हेरा. कंपनीचं नाव-पत्ता नळीच्या लांबीत नीट मध्ये बसवलेला असायचा. कोल्टच्या पावणेपाच इंची छोट्या नळीवर पत्ता दोन ओळींत येतो, कारण एक लांब ओळ तिथे शोभत नाही. एका ओळीचा पत्ता नळीच्या तोंडाकडे सरकलेला दिसला, तर लांब नळी कापलेली आहे. तोंडाची गोलाई पाहा, साइट कसा जोडलाय पाहा, त्याभोवती चांदीचा किंवा पितळेचा सांधा चमकतो का पाहा.

कापलेल्या नळीचं सर्वात मोठं घराणं म्हणजे स्मिथचं ‘व्हिक्टरी’ मॉडेल. नंबरच्या आधी ‘व्ही’, १९४२ ते १९४५, फॉस्फेटसारखं खरखरीत फिनिश, गुळगुळीत मूठ, बुडाशी कडी. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या सैन्याला गेलेले नग .३८/२०० म्हणजे .३८ स्मिथ अँड वेसन काडतुसाचे आणि पाच इंची नळीचे. युद्धानंतर ते ढिगाने नागरी बाजारात आले. अनेकांच्या नळ्या दोन-तीन इंचांवर कापल्या, निकेल चढवलं आणि घरं लांब करून .३८ स्पेशलसाठी केली. अडचण अशी, की जुन्या काडतुसाचा घेर मोठा. .३८ स्पेशल त्या घरात सैल बसतं, झाडल्यावर पुंगळी फुगते, कधी फाटते. घरांच्या मागच्या भागाचा व्यास कॅलिपरने मोजा; .३८ स्पेशलसाठी तो .३८० इंचाच्या आसपास हवा, त्याच्या पुढे जात असेल तर नळीवरचं ‘.३८ स्पेशल’ कुणी मारलंय हे कळतं. ब्रिटिश प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे, शिक्के दिसले तर हा नग तिकडे जाऊन आला आहे. नंबरातही हकीकत आहे. १९४४ च्या अखेरीस एका अपघातानंतर घोडा अडवणारा सुरक्षेचा भाग बदलला आणि नंबरापुढे ‘एसव्ही’ आलं. जुन्या ‘व्ही’ नगांतही तो भाग मागाहून बसवलेला सापडतो, तो दोष मानू नये.

सिलिंडरवर सर्वात मोठा अन्याय वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या वाट्याला आला. मार्क सहा, १९१५ पासून, सहा इंची नळी आणि चौकोनी मूठ. मूळ काडतूस .४५५. युद्धानंतर अमेरिकेत आलेल्या पुष्कळ नगांच्या सिलिंडरची मागची बाजू घासून पातळ केली, म्हणजे .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस अर्धचंद्र क्लिपमध्ये (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पट्टीत) चालावं. मागच्या तोंडावर चक्राकार हत्याराच्या ताज्या रेघा आणि काडतुसाच्या कडेला जास्तीची फट दिसली तर ते झालं आहे. आणि हे फक्त किमतीचं दुखणं नव्हे. .४५ एसीपीचा दाब वेब्लीच्या प्रूफ मर्यादेला जाऊन भिडतो किंवा तिच्या पुढे जातो. असा नग कपाटात शोभतो, रेंजवर नको.

वेब्लीच्या आधीच्या मार्कांवर एक किंवा दोन तारे मारलेले असतात. हे दुरुस्तीतून झालेलं रूपांतर दाखवतात, सरकारी आणि रीतसर. एनफिल्ड नंबर दोन या ब्रिटिश सैन्याच्या रिव्हॉल्व्हरचंही तसंच. १९३२ चा मार्क एक घोड्याला शेंडी घेऊन आला, म्हणजे अंगठ्याने मागे ओढता यायचा. १९३८ च्या ‘मार्क एक तारा’मध्ये ती शेंडी कापली, कारण रणगाड्याच्या आतल्या वस्तूंत ती अडकायची, आणि जुने बहुतेक नगही नंतर तसेच केले गेले. शेंडीवाला, न बदललेला मार्क एक म्हणून दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हणूनच, ताऱ्याच्या नगात शेंडीवाला घोडा बसवून तो ‘मार्क एक’ म्हणून विकला जाऊ शकतो. फ्रेमवरचा तारा नीट शोधा. घासलेल्या जागेचा खळगा बोटाच्या नखाला लागतो.

आता फिनिश. सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त फसगत इथे. पुन्हा केलेलं पॉलिश ओळखायला रंगाकडे आधी पाहू नका, कडांकडे पाहा. मूळ फ्रेमच्या कडा धारदार, सपाट भाग खरोखर सपाट, स्क्रूच्या भोकांचे काठ टोकदार. कापडाच्या चाकावर घासलं की कडा गोल होतात, भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो, अक्षरांच्या तळाशी धातू राहतो पण कडा वाहून जातात. स्मिथची साइडप्लेट मूळ नगात इतकी चपखल असते की सांधा रेघेसारखा दिसतो. दोन्ही भाग वेगवेगळे घासले की सांधा उघडतो. तिरप्या उजेडात नळी फिरवा, प्रतिबिंबाची रेघ लाटेसारखी हलली तर कुणीतरी हाताने घासलं आहे. खड्ड्यांच्या आत निळा रंग असेल तर गंज आधी आणि रंग नंतर. हे एकच लक्षण पुरेसं आहे, वाद नको.

रंगाची छटाही बोलते. जुनी भट्टीतली, कोळसा आणि हाडांची ब्लूइंग (पोलादाला निळा रंग चढवणं) पातळ, खोल निळी, झिजली की तपकिरीकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरची गरम क्षारांची ब्लूइंग काळसर आणि टिकाऊ. १९१० च्या नगावर एकसारखा काळा रंग असेल तर तो १९१० चा नाही. बाटलीतल्या थंड ब्लूइंगचे डाग पट्ट्यांत, पितळी झाक देणारे असतात, आणि त्यांना एक विशिष्ट वास येतो. निकेल आणि क्रोमचाही फरक ओळखावा: निकेल किंचित पिवळसर-उबदार, क्रोम निळसर पांढरं आणि थंड. स्मिथने कारखान्यात निकेल दिलेल्या जुन्या नगांवर नळीखाली, सिलिंडरमागे किंवा मुठीखालच्या फ्रेमवर ‘एन’ मारलेला सापडतो. तो नसला आणि निकेल असलं तर प्रश्न विचारा. घोडा आणि चाप तर सर्वात सोपी खूण: स्मिथचे मूळ घोडे आणि चाप निकेलच्या नगावरही निकेल केलेले नसत, त्यांच्यावर भट्टीतल्या कडकीकरणाचे निळे-तपकिरी ढगाळ रंग असत. पांढराशुभ्र घोडा म्हणजे नग कुणाच्या तरी प्लेटिंगच्या टाकीत पडून आला आहे.

कारखान्यानेच पुन्हा फिनिश केलेले नग ही वेगळी, आदराची श्रेणी. स्मिथकडे परत गेलेल्या नगांच्या मुठीखालच्या फ्रेमवर महिना-वर्ष, ‘आर-बी’ किंवा ‘आर-एन’ असे शिक्के असतात, पुन्हा निळं किंवा पुन्हा निकेल केल्याचे. सिरीयलपाशी तारा दिसतो. हे काम बरंच चांगलं असायचं. मी गावठी पॉलिशच्या नगापेक्षा असा नग निवडेन, आणि मूळ पण झिजलेला नग दोघांहून आधी.

आतले भाग पाहताना सावकाश. आपल्या मालकीचा नसलेला नग उघडू नका. आपल्या नगासाठी स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारं, पोकळ घासलेलं स्क्रूड्रायव्हरचं पातं वापरा. जुन्या स्क्रूची खाच अरुंद असते, साधं पातं तिचे काठ उचकटतं आणि ते उचकटणं पुढच्या पन्नास वर्षांत तुमच्या नावावर लागतं. स्मिथची साइडप्लेट कधीही पात्याने उचलू नका. स्क्रू काढा, फ्रेमच्या मुठीच्या भागावर लाकडी दांड्याने हलके ठोका, ती आपोआप वर येते. स्मिथच्या काळाचा अंदाज तिच्या स्क्रूंवरून येतो: साइडप्लेटवर चार आणि ट्रिगर गार्डच्या पुढे एक, हे जुनं ‘पाच स्क्रू’, १९५५ च्या सुमारास वरचा गेला, १९६१ च्या सुमारास पुढचा. १९५७ पासून योकच्या खाचेत मॉडेलचा आकडा आला. त्या खाचेत मॉडेल आकडा असलेला ‘१९५०’ चा नग कुणी दाखवला तर तारीख चुकीची आहे, भाग नाही. काडतुसं ढकलणाऱ्या दांड्याचे आटे उजवे आहेत की डावे, हेही १९६० च्या आसपासचा बदल दाखवतं. उलट फिरवून जोर लावण्याआधी ते माहीत असणं बरं.

मुठीबद्दल थोडं. लाकूड आकसतं, जुन्या मुठीची कड धातूपेक्षा किंचित उंच-सखल असते आणि नखाला लागते. बॅकस्ट्रॅप घासून पांढरा झाला आहे आणि मूठ मात्र कोरीकरकरीत, तर दोघांनी एकत्र आयुष्य काढलेलं नाही. स्मिथच्या मुठीतल्या बिल्ल्याचाही काळ आहे: १९१० च्या दशकात सोनेरी, १९२० च्या दशकात बिल्ला नाही, १९३० च्या सुमारापासून चंदेरी. स्क्रूभोवतीचा लाकडी हिरा १९६८ पर्यंत. कोल्टचं कडक रबर उन्हात तपकिरी होतं. आजच्या राळेच्या नकला काळ्याच राहतात आणि गरुडाची पिसं मऊ दिसतात. उजवी मूठ काढून आतला नंबर नक्की पाहा. फोटो पाहून घेत असाल, तर विक्रेत्याकडे हा एक फोटो हट्टाने मागा.

राहिलं कागदाचं. कोल्टचा अभिलेख विभाग आणि स्मिथ अँड वेसनची इतिहास संस्था पैसे घेऊन पत्र देतात: नग कधी निघाला, कुणाला गेला, कॅलिबर, नळीची लांबी, फिनिश. महत्त्वाच्या खरेदीआधी ते पत्र मागवाच. पण पत्र त्या नंबराच्या नगाबद्दल असतं, समोर ठेवलेल्या धातूबद्दल नाही. पत्रात साडेसात इंची, निकेल असं आधीच कळलं, तर नकलाकाराला नळी आणि निकेल शोधून बसवायला सोपंच जातं. म्हणून पत्र आणि नग स्वतंत्रपणे तपासा. पत्रात ‘निळं, सहा इंच’ आणि हातात निकेल, चार इंच असेल, तर खरेदीचा विषय तिथेच थांबवून आधी मूठ काढा आणि फ्रेमवर परतीच्या तारखेचा शिक्का आहे का ते पाहा. तो सापडला तर दोन्ही खरे असू शकतात.